सहा संघांचे भाऊसाहेब

भाऊसाहेब निंबाळकर हे नाव निघाले की क्रिकेटवेड्या मराठी माणसाच्या तोंडून एक आकडा येतो : नाबाद ४४३. त्यामागून दुसरे वाक्य येते, की समोरच्या संघाने सामना सोडून दिला, नाहीतर ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम त्याच दिवशी मोडला असता. मग तिसरे, हळहळीचे : एवढे करूनही त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. तीन वाक्यांत गोष्ट आटोपते आणि बोलणे दुसऱ्या विषयाकडे वळते.

या तीन वाक्यांच्या बाहेर राहिलेला माणूस हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर यांचा जन्म कोल्हापूरचा, १२ डिसेंबर १९१९ चा. १९३९-४० च्या हंगामात सुरू झालेली त्यांची प्रथम श्रेणीची कारकीर्द साठच्या दशकापर्यंत चालली. तेवढ्या काळात ते बडोदा, महाराष्ट्र, होळकर, मध्य प्रदेश, राजस्थान आणि रेल्वे अशा सहा संघांकडून रणजी करंडकात उतरले. प्रथम श्रेणीत एकूण ८० सामने, ४८४१ धावा, ४७.९३ ची सरासरी, १२ शतके. मध्यमगती गोलंदाजीवर ५८ बळी, आणि वेळ पडली तर यष्ट्यांमागेही उभे राहणे. ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्र्याण्णवावा वाढदिवस एका दिवसावर असताना, कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.

सहा संघ का, हा पहिला प्रश्न. आजच्या वाचकाच्या मनात लगेच दोन शंका येतील. माणूस कुठे टिकत नसेल, किंवा जिथे पैसा तिथे जात असेल. दोन्ही शंका त्या काळाला लागू पडत नाहीत. ज्या काळात क्रिकेट खेळून पोट भरत नव्हते, त्या काळात खेळाडूला भाकरी कोण देत होते आणि ती देणारे हात कसकसे बदलत गेले, याचा नकाशाच भाऊसाहेबांच्या सहा संघांत उमटला आहे. तो समजून घेतल्याशिवाय त्यांची कारकीर्द समजत नाही, आणि ४४३ चा अर्थही पुरता लागत नाही.

या विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकासाठी सुरुवात जरा मागून करतो. भारतात क्रिकेट खेळण्याचा मोबदला म्हणून ज्यांना नोकरी मिळाली, त्यांच्या पहिल्या पिढीत पळवणकर बाळू यांचे नाव अग्रभागी आहे. पुण्यात ते मैदानाची देखभाल करत होते. गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते आपल्या काळातले सर्वोत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. पुढे मुंबईत रेल्वेच्या नोकरीच्या आधाराने ते खेळले आणि १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील संघाबरोबर इंग्लंडला गेले. दलित समाजातल्या या खेळाडूला मैदानावर मान होता आणि चहाच्या वेळी वेगळा पेला. पुणे ते मुंबई, मैदान ते रेल्वे हा त्यांचा प्रवास पुढच्या साऱ्या कथेची नांदी आहे : खेळाडू तिथे जातो जिथे त्याच्या खेळाला नोकरीची जोड मिळते.

ही जोड मोठ्या प्रमाणावर दिली ती संस्थानांनी. कोल्हापूरच्या वाचकाला हे नव्याने सांगायला नको. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँ होते, आणि १९१२ मध्ये बांधून झालेल्या खासबाग मैदानात देशोदेशींचे मल्ल उतरत होते. गवयाला आणि पैलवानाला आश्रय देण्याची रीत जुनीच होती. विसाव्या शतकात तिच्यात क्रिकेटपटूची भर पडली. १९२३ मध्ये तुकोजीराव होळकरांनी नागपूरच्या सी. के. नायडूंना इंदूरला बोलावून आपल्या फौजेत हुद्दा दिला. हुद्दा लष्करातला, काम मैदानावरचे. आजही आपण त्यांना कर्नल नायडू म्हणतो, तो कर्नल या व्यवस्थेतून आला. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांच्यामागे देवासचे महाराज उभे राहिले. ऑस्ट्रेलियाच्या क्लॅरी ग्रिमेटकडून शिकण्याची संधी त्यांना मिळाली ती याच वर्तुळात. पुढे बडोद्याच्या गायकवाडांनी त्यांना आपल्याकडे घेतले. १९३९-४० मध्ये महाराष्ट्राकडून खेळताना हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातले ते पहिले त्रिशतक. काही हंगामांतच तेच हजारे बडोद्याचे झाले. आपल्या गोलंदाजांना ज्याने दमवले त्यालाच आपल्याकडे आणणे, हे दरबाराच्या दृष्टीने सरळ होते.

१९३४-३५ मध्ये सुरू झालेल्या रणजी करंडकाने या आश्रयाला स्पर्धेचे रूप दिले. आधीच्या चौरंगी, पुढे पंचरंगी झालेल्या सामन्यांत संघ धर्मावर उभे होते : हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'इतर'. रणजीत संघ प्रांताचे आणि संस्थानांचे झाले. त्यामुळे संस्थानिकांना आपले नाव देशभर झळकवण्याची नवी वाट मिळाली. नवानगर १९३६-३७ मध्ये जिंकले, बडोदे १९४२-४३ मध्ये. आणि मग आले होळकर. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोचला आणि चार वेळा करंडक घेऊन गेला. या संघात मूळचे इंदूरचे मुश्ताक अली होते. पण कर्णधार सी. के. नायडू नागपूरचे, त्यांचा भाऊ सी. एस. नायडू अनेक प्रांतांचे पाणी प्यालेला, चंदू सरवटे सागरचे आणि भाऊसाहेब कोल्हापूरचे. महायुद्धामुळे महूला तैनात असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्पटनसुद्धा १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून खेळून नाबाद २४९ धावा करून गेला. आजच्या भाषेत हा संघ 'बाहेरच्यांचा' होता. पण इंदूरच्या प्रेक्षकांनी त्यांना बाहेरचे मानल्याचे दिसत नाही.

भाऊसाहेबांच्या कारकिर्दीतले दोन धावफलक एकमेकांशेजारी ठेवले की ही सगळी व्यवस्था डोळ्यांसमोर येते.

पहिला १९४५-४६ चा. इंदूरला म्हैसूरविरुद्ध उपांत्य सामना. होळकरांनी ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला. एका डावात सहा शतके : भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि प्रतापसिंग १००. सहांमध्ये सर्वांत मोठी खेळी भाऊसाहेबांची होती, पण या डावाची आठवण निघते ती नायडूंच्या नावाने किंवा सहा शतकांच्या नवलाने. सरवटे यांनी त्याच सामन्यात ६१ धावांत ९ बळीही घेतले. हे सरवटे कायद्याचे पदवीधर होते आणि पेशाने बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ. इंग्लंडच्या दौऱ्यात, मे १९४६ मध्ये, ओव्हलवर सरेविरुद्ध दहाव्या गड्यासाठी शुटे बॅनर्जी यांच्यासोबत त्यांनी २४९ धावा जोडल्या. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोघांनीही शतके केली. सरवटे यांच्यासारखा हुशार माणूसही जवळ दुसरा पेशा ठेवून खेळत होता, हे लक्षात ठेवावे.

दुसरा धावफलक डिसेंबर १९४८ चा. पूना क्लबचे मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडचा डाव २३८ वर संपला. मग दुसऱ्या गड्यासाठी भाऊसाहेब आणि कमल भांडारकर यांनी ४५५ धावांची भागीदारी केली. भांडारकर २०५ करून बाद झाले, भाऊसाहेब खेळतच राहिले. ४९४ मिनिटे, ४९ चौकार, एक षटकार. महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या आकड्याला नऊ धावा कमी असताना खेळाची विश्रांती झाली, आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळायला नकार दिला. महाराष्ट्राचे कर्णधार राजा गोखले यांची विनंती कामी आली नाही. सामना सोडून दिला गेला. प्रथम श्रेणीत तोवर त्याहून मोठी खेळी एकट्या ब्रॅडमनची होती.

दोन्ही फलकांवर निंबाळकर आणि भांडारकर ही नावे आहेत. तीन वर्षांपेक्षा कमी अंतर, संघ वेगळा, माणसे तीच. ४४३ धावांच्या डावात जे एकमेकांची धाव ओळखत होते, ते त्याआधी होळकरांच्या पोशाखात एकत्र खेळले होते. पुण्याची ती भागीदारी इंदूरच्या सरावाचे फळ होती, असे मी ठामपणे म्हणतो.

त्या डावाचा महिना आणि वर्षही बघावे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. काठियावाडातल्या संस्थानांचे सौराष्ट्र राज्य त्याच वर्षी झाले होते. होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले होते. संस्थानी राजवट संपत होती आणि संघाचे नेतृत्व मात्र अजून ठाकोरसाहेबांकडे होते. राजा आपल्या मर्जीने खेळाडूला मैदान देतो आणि आपल्या मर्जीने मैदान काढूनही घेतो, ही आश्रयाची दुसरी बाजू त्या दिवशी पुण्यात उघडी पडली. म्हणून सामना सोडण्याची ती घटना मला एका संस्थानिकाच्या चिडीपेक्षा मोठी वाटते. आश्रयावर उभ्या असलेल्या खेळाचा तो अंगभूत दोष होता.

संस्थाने गेली, मग खेळाडूंना कोणी सांभाळले? सरकारी खात्यांनी. सेनादलाचा संघ १९४९-५० मध्ये रणजीत आला, रेल्वेचा १९५८-५९ मध्ये. होळकर हे नाव १९५४-५५ नंतर रणजीतून गेले आणि पुढे त्या भागाचा संघ मध्य प्रदेश झाला. राजस्थानात उदयपूर आणि डुंगरपूरच्या राजघराण्यांनी जुन्या पद्धतीचा शेवटचा मोठा प्रयोग केला. विनू मांकड, विजय मांजरेकर, सलीम दुराणी अशा खेळाडूंना जमवून त्या संघाने साठच्या दशकात एकामागून एक अंतिम सामने गाठले, करंडक मात्र दर वेळी मुंबईने नेला. भाऊसाहेबांच्या यादीतली मध्य प्रदेश, राजस्थान आणि रेल्वे ही नावे या उत्तरकाळातली आहेत. म्हणजे त्यांच्या एका कारकिर्दीत दरबार, प्रांत आणि सरकारी खाते हे तिन्ही पोशिंदे येऊन गेले. भारतीय क्रिकेटच्या आर्थिक इतिहासाला याहून सलग असा दुसरा धागा सापडणे अवघड आहे.

या विषयाला जगाच्या खेळात एक समांतर उदाहरण आहे. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये १८७६ मध्ये नॅशनल लीग सुरू झाली आणि १८७९ पासून क्लबांनी खेळाडूला आपल्याशी बांधून ठेवणारे कलम आणले. करार संपला तरी खेळाडू क्लबचाच. क्लबला वाटले तर तो विकणार, दुसऱ्याशी अदलाबदल करणार. सुरुवातीच्या काळातले कित्येक आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागात उभे राहणारे क्षेत्ररक्षक, या शहरातून त्या शहरात असे फिरवले गेले. त्यांच्या नावापुढे संघांची लांबलचक यादी दिसते, आणि त्या यादीतले एकही नाव त्यांनी स्वतः निवडलेले नसे. १९६९ मध्ये सेंट लुईसने कर्ट फ्लड या आउटफिल्डरला फिलाडेल्फियाकडे पाठवले, तेव्हा त्याने जायला नकार दिला आणि न्यायालयात गेला. १९७२ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला. पण त्याने प्रश्न ऐरणीवर आणला होता, आणि १९७५ नंतर खेळाडूंना क्लब निवडण्याची मोकळीक मिळत गेली.

आपल्याकडे खेळाडूला कोणी विकले नाही, पण त्याच्या हातात करारही नव्हता. जागा होती ती मर्जीवर. बेसबॉलमध्ये बंधन कागदावर होते, म्हणून त्याविरुद्ध लढता आले. आपल्याकडे ते नोकरीत, उपकारात आणि संबंधांत विरघळलेले होते. त्यामुळे भाऊसाहेबांच्या पिढीची तक्रार कुठल्याही दप्तरात सापडत नाही.

भाऊसाहेब कसोटी का खेळले नाहीत, या प्रश्नाचे सोपे उत्तर देण्याचा मोह टाळायला हवा. एक म्हणणे असे, की जो सहा संघांचा, तो कोणाचाच नाही. निवडीच्या वेळी त्याच्यासाठी भांडणारी घरची संघटना नसते. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. विनू मांकड कितीतरी संघांतून खेळले आणि भारताचे पहिल्या फळीचे अष्टपैलू राहिले. हजारे संघ बदलूनही देशाचे कर्णधार झाले. विजय मांजरेकर मुंबई, बंगाल, आंध्र, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि महाराष्ट्र असे सहा संघ खेळले आणि ५५ कसोटी सामनेही. दुसरे कारण स्पर्धेचे. ज्या हिवाळ्यात पुण्यात ४४३ झाल्या, त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडिजचा संघ भारतात पाच कसोटी खेळत होता, आणि हजारे व रुसी मोदी धावांच्या राशी घालत होते. तिसरे कारण वयाचे. महायुद्धाच्या वर्षांत भारताला कसोटी सामनेच नव्हते आणि भाऊसाहेबांची विशीतली उमेद त्या वर्षांत गेली. ही तिन्ही कारणे एकत्र घेतली की अन्यायाची जाणीव कमी होत नाही, ती अधिक नेमकी होते. एवढा फलंदाज एका तरी कसोटीस पात्र होता, यावर माझ्या मनात किंचितही शंका नाही. २००२ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. ज्या कर्णधाराच्या हाताखाली ते इंदूरला खेळले, त्याच्याच नावाचा.

अशा कारकिर्दींवर आजवर कसे लिहिले गेले, हेही पाहायला हवे. पहिली वाट आकड्यांची. धावफलक, सरासऱ्या, विक्रमांच्या याद्या जमवणाऱ्यांनी मोठे काम केले. त्यांच्यामुळेच भाऊसाहेबांचे नाव टिकले. पण यादीत माणूस एका ओळीत मावतो. दुसरी वाट आठवणींची. रेडिओवरच्या मराठी समालोचनाला घडवणारे बाळ ज. पंडित, 'महाराष्ट्र टाइम्स'मधून क्रीडापत्रकारितेला दर्जा देणारे वि. वि. करमरकर, आणि किश्श्यांनी वाचकाला खेळाच्या जवळ नेणारे द्वारकानाथ संझगिरी, यांच्यामुळे मराठीत खेळावर जिव्हाळ्याने लिहिण्याची परंपरा झाली. प्रा. दि. ब. देवधरांसारख्या खेळाडूंनी स्वतःही लिहिले. तिसरी वाट सामाजिक इतिहासाची. रामचंद्र गुहा यांनी २००२ च्या आपल्या ग्रंथात पळवणकर बंधूंना मध्यभागी आणून दाखवले, की क्रिकेटचा इतिहास हा जात, धर्म आणि वसाहतवाद यांचाही इतिहास आहे.

या तिन्ही वाटांवर एक जागा रिकामी राहिली आहे. खेळाडूच्या पोटापाण्याची. तो कुठे नोकरीला होता, बदली कोणी केली, रजा कशी मिळाली, संघ बदलताना कोणाची परवानगी लागली. ब्रॅडमनने भाऊसाहेबांना पत्र लिहून त्यांच्या खेळीची तारीफ केली, ही गोष्ट आपण आवडीने सांगतो. पण ज्या हंगामात ती खेळी झाली त्या हंगामात त्यांचे घर कशावर चालले होते, हे कोणी विचारत नाही. मला हा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो.

हे सगळे आज का वाचायचे? कारण प्रश्न नव्या रूपात परत आला आहे. विक्रमांचा पुढचा प्रवासच बघा. निंबाळकर–भांडारकरांचा दुसऱ्या गड्यासाठीचा ४५५ धावांचा जागतिक विक्रम १९७४ मध्ये मोडला तो वॉरविकशायरच्या जेमसन आणि कन्हाय यांनी. यातला कन्हाय गयानाहून आलेला. भारतातला विक्रम मोडला १९९१-९२ मध्ये आसामच्या झहीर आलम आणि लालचंद राजपूत यांनी, ४७५ धावा जोडून. यातले राजपूत मुंबईचे. दोन्ही वेळा जोडीतला एक जण बाहेरून आलेला होता. मुंबईचे वसीम जाफर विदर्भाकडे गेले आणि त्या संघाने २०१७-१८ व २०१८-१९ असा दोनदा करंडक जिंकला. २००८ मध्ये आयपीएलचा पहिला लिलाव झाला आणि खेळाडूची किंमत पहिल्यांदाच सर्वांसमोर बोलली गेली. ऑस्ट्रेलियाचा अ‍ॅरन फिंच नऊ संघांचा झाला. पुण्याचा केदार जाधव दिल्ली, कोची, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद फिरून आला. आता संघ एकमेकांत खेळाडूंची अदलाबदलही करतात. बेसबॉलची रीत दीडशे वर्षांनी आपल्या अंगणात आली आहे, आणि तिचा न्यायनिवाडा करायला आपल्याला आपलाच इतिहास ठाऊक नाही.

मी हे छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात बसून लिहितो आहे, आणि त्याला कारण आहे. इथून जवळ गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल. सकाळी गजानन महाराज मंदिराच्या रस्त्याने पाठीवर किटबॅग घेतलेली मुले सायकलवरून, वडिलांच्या स्कूटरवरून तिकडे जाताना दिसतात. महाराष्ट्र राज्यातून रणजीला तीन संघ उतरतात : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. मराठवाड्याचा स्वतःचा संघ नाही. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता, तेव्हा इथल्या खेळाडूची नजर हैदराबादकडे लागलेली असे. आता ती पुण्याकडे असते. याच शहरात जन्मलेल्या इक्बाल सिद्दिकीने २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध आपली एकमेव कसोटी खेळली. बीडमध्ये जन्मलेल्या संजय बांगरने रेल्वेच्या नोकरीतून देशाच्या संघापर्यंत मजल मारली. जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालील संघासाठी आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. वयोगटातल्या क्रिकेटमध्ये का होईना, भाऊसाहेबांचा आकडा मराठवाड्याच्या मुलाने ओलांडला. अंकित बावणेने महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षे धावा केल्या, पण भारताची टोपी त्याला मिळाली नाही. आमच्या भागातल्या खेळाडूसाठी घर सोडणे ही निवड नसते, ती पहिली अट असते. म्हणून भाऊसाहेबांची भटकंती इथल्या वाचकाला परकी वाटू नये.

आता या पुस्तकाबद्दल. हे भाऊसाहेबांचे चरित्र आहे, पण ते ४४३ पासून सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही. सहा संघ हेच त्याचे सहा मुक्काम आहेत. प्रत्येक मुक्कामावर तीन गोष्टी विचारल्या आहेत : तिथे खेळ कोण चालवत होते, खेळाडूला काय मिळत होते, आणि भाऊसाहेबांनी त्या संघाला काय दिले. सोबतीला त्यांचे समकालीन येतात. सरवटे, भांडारकर, हजारे, आणि बडोद्याचे नेतृत्व करणारे त्यांचे बंधू रावसाहेब निंबाळकर. एका घरातल्या दोन भावांपैकी एकाने बडोद्यात पाय रोवले आणि दुसरा देशभर फिरला. आश्रयाच्या व्यवस्थेत दोघांनाही जागा होती, हे त्यातून दिसते.

सांगोवांगीच्या गोष्टी या पुस्तकात आहेत, पण त्या सांगोवांगीच्या म्हणूनच आल्या आहेत. धावफलक जिथे बोलतो तिथे धावफलकाला मान दिला आहे. खेळीचे वर्णन करताना, जे कोणी टिपून ठेवले नाही ते कल्पनेने रंगवायचे टाळले आहे. ज्यांना पुण्यातल्या त्या दिवसाचा प्रत्येक फटका हवा असेल, त्यांची थोडी निराशा होईल. पण १९३९ ते साठचे दशक या काळात एक मराठी क्रिकेटपटू कसा जगला, हे ज्यांना जाणून घ्यायचे आहे, त्यांना इथे पुष्कळ सापडेल अशी आशा आहे.

क्रिकेटचे फारसे वेड नसलेल्या वाचकालाही माझे आग्रहाचे सांगणे आहे, की हे पुस्तक त्याच्यासाठीही आहे. कला असो, कुस्ती असो, क्रिकेट असो, आपल्या समाजाने गुणी माणसाला कशाच्या बळावर उभे केले आणि कुठे हात सोडला, हा प्रश्न एका खेळापुरता नाही. आणि क्रिकेटच्या जाणत्या वाचकाला एवढीच विनंती, की यापुढे एखाद्या खेळाडूच्या नावापुढे चार-सहा संघ दिसले, तर त्याच्या निष्ठेवर शंका घेण्याआधी त्या प्रत्येक संघाने त्याला काय दिले होते, हे विचारावे. भाऊसाहेबांच्या बाबतीत हे विचारायला आपल्याला फार उशीर झाला. आज खेळत असलेल्यांच्या बाबतीत तो होऊ नये, म्हणून हे पुस्तक लिहिले.

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर